डार्क मोड आणला आणि जुने लेख गायब झाले: बिघाड नक्की कुठे आहे?

प्रश्न असा आला आहे: आमच्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ आम्ही तीन-चार स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळतो. पंधरा-सोळा वर्षांचे लेख, दिवाळी अंक, पाककृती, श्रद्धांजल्या असं सगळं त्यावर आहे. सभासदांच्या आग्रहावरून डार्क मोड दिला आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. जुन्या लेखांतला मजकूर दिसत नाही. प्रतिक्रियेच्या चौकटीत आपण काय टाइप करतोय ते कळत नाही. पान उघडताना पांढरा लखलखाट होतो. लोगो गेला. शीर्षकांच्या वेलांट्या कापल्या जातात. दोघा सभासदांनी तर डार्क मोड निवडलेलाच नाही, तरी संध्याकाळी त्यांना साइट काळी दिसते. आणि एका प्रवासवर्णनात 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' झालंय. डार्क मोड काढून टाकावा का?

काढू नका. यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी डार्क मोडच्या आधीपासूनच्या आहेत. पांढऱ्या भिंतीवरचे चुन्याचे डाग भिंतीला काळा रंग दिल्यावर दिसले, एवढंच झालंय. मी अशी पाच-सहा जुनी संकेतस्थळं दुरुस्त केली आहेत. प्रत्येक वेळी सुरुवातीला 'रंग बदला' असा सूर असतो आणि शेवटी काम निघतं ते लेखांच्या पोटात साठलेल्या कचऱ्याचं.

आधी ते संध्याकाळचं भूत उतरवू, कारण ते सोपं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ आले आणि अख्ख्या फोनला डार्क मोड मिळाला. तो सूर्यास्ताला आपोआप चालू आणि सूर्योदयाला बंद होईल असं लावता येतं. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर बॅटरी सेव्हर लागला की तो न विचारता चालू होतो. तुमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, 'प्रिफर्स-कलर-स्कीम' ही अट असणार. ती ब्राउझरमार्फत फोनला विचारते, 'तुझ्याकडे आत्ता काय चालू आहे?' आणि साइट त्याप्रमाणे रंग बदलते. माणसाने काही निवडलेलं नसतं, निवड फोनने केलेली असते. मला अशी एक तक्रार सुटायला दोन आठवडे लागले होते. एका काकांची साइट 'अधूनमधून काळी' व्हायची, कधी दुपारी, कधी रात्री. काही सूत्र लागेना. शेवटी लक्षात आलं की फोनचं चार्जिंग उतरलं की बॅटरी सेव्हर लागायचा आणि त्याच्याबरोबर डार्क मोडही!

उपाय म्हणजे चालू-बंद असं दोन पर्यायांचं बटण न देता तीन पर्याय द्या: उजळ, गडद, फोनप्रमाणे. विकिपीडियाने २०२४ मध्ये डार्क मोड आणला तेव्हा हेच तीन पर्याय दिले. एकदा वाचकाने 'उजळ' म्हटलं की फोन काहीही म्हणो, साइट उजळच राहिली पाहिजे. फोनमधले काही ब्राउझर मात्र साइटला न जुमानता स्वतःच पानाचे रंग उलटे करतात. 'कलर-स्कीम' या गुणधर्मात 'लाइट डार्क' लिहून ठेवलंत की क्रोमची ऑटो डार्क सोय तुमच्या पानाला हात लावत नाही. हे न ऐकणारे ब्राउझरही आहेत. तिथे वाचकालाच फोन करून सेटिंग सापडवून द्यावं लागतं, दुसरा इलाज नाही.

आता मुख्य दुखणं, जुने लेख.

ते कसे चढवले गेले ते आठवा. कुणीतरी वर्डमध्ये लिहिलं, तिथून उचललं आणि संपादकाच्या चौकटीत चिकटवलं. अक्षरांबरोबर वर्डने प्रत्येक परिच्छेदाच्या गळ्यात 'रंग: काळा' अशी चिठ्ठी बांधून पाठवली. पान पांढरं होतं तोवर ती चिठ्ठी असली काय, नसली काय, सारखंच. आता पान जवळजवळ काळं झालं आणि परिच्छेद अजून 'मी काळाच' म्हणतोय. याच्या उलटंही असतं. पाककृती लिहिणाऱ्या कुणी हौसेने साहित्याच्या यादीला फिक्या पिवळ्या रंगाची चौकट दिली, पण आतल्या अक्षरांचा रंग लिहिला नाही. डार्क मोडमध्ये अक्षरं फिकी होतात, चौकट पिवळीच राहते, आणि फिक्यावर फिकं असं काहीतरी उरतं.

हे आकड्यांत पाहू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दोन रंगांमधला उठाव मोजायचं एक सूत्र डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलं आहे. दोन्ही रंगांची सापेक्ष दीप्ती (रंग किती उजळ आहे त्याचं माप) काढायची, दोहोंत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचं. उत्तर १ ते २१ च्या दरम्यान येतं. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं म्हणजे २१. नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ हवं, मोठ्या शीर्षकांना ३ चालतं. डार्क मोडची पार्श्वभूमी म्हणून लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १८ (० ते २५५ च्या मापात) हा रंग बरेच जण वापरतात, तुम्हीही बहुधा तोच घेतला असेल. त्याच्यावर वर्डची काळी अक्षरं म्हणजे १.१. फिक्या पिवळ्या चौकटीवर प्रत्येकी २२४ ची राखाडी अक्षरं म्हणजे १.३. हा मजकूर 'अस्पष्ट' नाही, तो नाहीच.

तेव्हा नियम एकच: पार्श्वभूमी आणि शाई जोडीने लिहायची. एक लिहिली की दुसरी लिहायचीच, नाहीतर दोन्ही लिहायच्या नाहीत. अर्धी जोडी लिहिणं ही चूक डब्ल्यूसीएजीच्या दस्तऐवजांत फार पूर्वीपासून नोंदलेली आहे, पण पांढऱ्या पानांच्या काळात तिच्याकडे कोण बघतो? विकिपीडियालाही डार्क मोडच्या वेळी याच दगडाची ठेच लागली. वर्षानुवर्षं साच्यांत आणि तक्त्यांत फक्त पार्श्वभूमीचा रंग लिहिलेला होता, अक्षरांचा नव्हता. संपादकांना ते साचे शोधून शोधून दुरुस्त करावे लागले. हजारो हात असलेल्या ठिकाणी हे झालं, तर तीन-चार जणांच्या मंडळाने लाजायचं कारण नाही.

करायचं काय? डेटाबेसमध्ये शोधा-बदला चालवून पहिल्याच रात्री सगळे रंग पुसून टाकू नका. मी एकदा केलं होतं. श्रद्धांजलीच्या पानांवरच्या काळ्या चौकटी आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेतले रंगीत रकाने, जिथे हिरवा म्हणजे लहान मुलांचे कार्यक्रम असा अर्थ होता, तेही गेले. बॅकअप होता म्हणून निभावलं.

आजच्या आज सभासदांना दिलासा हवा असेल तर सीएसएसमध्ये, फक्त लेखाच्या भागापुरतं आणि फक्त गडद रूपात, आतल्या परिच्छेद-स्पॅन-फाँट अशा सगळ्या घटकांना 'रंग: इनहेरिट' (पानाचाच रंग घे) आणि 'पार्श्वभूमी: ट्रान्सपरंट' (पारदर्शक) द्या, आणि पुढे 'इम्पॉर्टंट' (हाच नियम वरचढ) जोडा. एरवी इम्पॉर्टंट हा शब्द दिसला की मी कपाळावर हात मारतो, पण घटकाच्या अंगावर लिहिलेल्या शैलीला बाहेरून हरवायचं हेच एक सरळ हत्यार आहे. अगदी जुन्या लेखांत फाँट टॅगमध्ये रंग लिहिलेला असतो. तो साध्या नियमालाही हार मानतो, त्याला इम्पॉर्टंट लागत नाही. तक्ते या नियमातून वगळा.

मग सवडीने खरं काम. लेख दाखवताना, म्हणजे डेटाबेसमधून काढून पानावर ठेवायच्या आधी, त्यातले रंग, पार्श्वभूमी, फाँटचं नाव आणि आकार हे चारच गुणधर्म गाळणारी छोटी चाळणी बसवा. मूळ मजकूर तसाच राहू द्या. महिनाभर तक्रारी ऐका, अपवादांची यादी करा, मगच ती चाळणी कायमची डेटाबेसवर चालवा. आणि नवा कचरा येऊ नये म्हणून संपादकाच्या चौकटीत चिकटवलेलं सगळं साध्या मजकुरात बदलेल असं करा. यावर लेखक मंडळी रुसतात. 'माझं जांभळं शीर्षक कुठे गेलं?' असा फोन येतो. येऊ द्या.

दुव्यांकडेही बघा, तक्रार आलेली नसली तरी. ब्राउझरचा मूळ निळा दुवा (०, ०, २३८) पांढऱ्यावर ९.४ उठाव देतो, तुमच्या गडद पानावर जेमतेम २. भेट देऊन झालेल्या दुव्याचा जांभळा पांढऱ्यावर ११ देतो आणि गडदवर १.७. म्हणजे जो सभासद जास्त वाचतो त्याला जास्त कमी दिसतं. 'कलर-स्कीम' नीट घोषित केलं असेल तर ब्राउझर मूळ दुव्यांचे रंग आपोआप फिके करतो. तुम्ही स्वतः सीएसएसमध्ये निळा लिहिला असेल तर तो तुम्हालाच बदलावा लागेल.

इथे आपल्या मंडळांच्या लाडक्या दोन रंगांची गंमत सांगतो. बहुतेक ठिकाणी शीर्षकं भगवी असतात नाहीतर कुंकवाच्या गडद लाल रंगाची. भगवा (२५५, १५३, ५१) पांढऱ्यावर फक्त २.१ देतो. म्हणजे इतकी वर्षं तुमची भगवी शीर्षकं उजळ पानावरच नापास होती, कुणी बोललं नाही. गडद पानावर तोच भगवा ८.८ देतो, मस्त उठून दिसतो. गडद लाल (१२८, ०, ०) बरोबर उलट: पांढऱ्यावर जवळजवळ ११, गडदवर १.७. म्हणून एकच रंग दोन्हीकडे चालवायचा हट्ट सोडा. सीएसएसच्या चलांना (रंगाची किंमत ज्यात साठवायची त्या जागांना) 'भगवा', 'लाल' अशी रंगांची नावं देऊ नका. 'शीर्षकाची शाई', 'दुव्याची शाई', 'चौकटीची पार्श्वभूमी' अशी कामांची नावं द्या आणि दोन्ही रूपांत त्यांच्या वेगळ्या किमती भरा. नाहीतर सहा महिन्यांनी 'भगवा' नावाच्या चलात फिका आकाशी भरलेला सापडतो. मी पाहिलाय.

एक आडवाट मात्र टाळा. कुणीतरी हुशारीने सुचवेल की अख्ख्या पानाला 'इन्व्हर्ट' फिल्टर लावा, एका ओळीत डार्क मोड! त्याने फोटोंच्या निगेटिव्ह होतात. फोटो पुन्हा उलटे करावे लागतात. तोच फिल्टर बॉडीवर लावला तर पडद्याला चिकटून राहणारी वरची पट्टी जागा सोडून पानाबरोबर सरकायला लागते, कारण फिल्टर लावलेला घटक आतल्या 'फिक्स्ड' (पडद्याला चिकटलेल्या) गोष्टींचा नवा मालक बनतो. आगीतून फुफाट्यात.

आता चौकट. प्रतिक्रियेच्या चौकटीला तुम्ही कधीतरी पांढरी पार्श्वभूमी दिलेली असणार आणि अक्षरांचा रंग पानाकडून घेतलेला असणार. पुन्हा तीच अर्धी जोडी. जोडी पूर्ण करा, आणि 'कलर-स्कीम' मुळाशी, म्हणजे एचटीएमएल घटकावर लिहा. त्याने सरकपट्टी, तारखेचा चौकोन, निवडयादी हे ब्राउझरचे स्वतःचे अवयवही गडद होतात. नाव आणि ईमेल ब्राउझरने आपोआप भरलं की त्या रकान्याला तो स्वतःची फिकी पार्श्वभूमी देतो. ती साध्या नियमाने बदलत नाही, आतून जाड सावली देऊन झाकावी लागते. तेवढंही तपासा.

पांढरा लखलखाट होतो तो क्रमामुळे. वाचकाने निवडलेला पर्याय तुम्ही ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवता आणि तो वाचणारी स्क्रिप्ट पानाच्या तळाशी आहे. तोवर पान पांढरं रंगवून झालेलं असतं. पाच-सहा ओळींची ती स्क्रिप्ट हेडमध्ये (पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात), सीएसएसच्याही आधी, थेट पानातच लिहा. वेगळी फाइल करू नका. काही जण हा पर्याय कुकीत (ब्राउझर सर्व्हरला पाठवतो त्या छोट्या नोंदीत) ठेवून सर्व्हरवरूनच गडद पान पाठवतात. त्यात एक खड्डा आहे: तुमच्या होस्टिंगवर पानांचा कॅश चालू असेल तर कुणा एकाचं गडद पान साठवलं जातं आणि तेच सगळ्यांना वाढलं जातं. ज्या दिवशी 'आज सगळ्यांचीच साइट काळी आहे' असे फोन येतात, त्या दिवशी हेच झालेलं असतं.

लोगो पारदर्शक पीएनजी आहे आणि त्यातली अक्षरं काळी आहेत. एसव्हीजी (रेषांनी बनलेलं चित्र) करून थेट पानात लिहा आणि शाई 'करंट कलर', म्हणजे आजूबाजूच्या मजकुराचाच रंग, ठेवा. मूळ फाइल कुणाकडेच नसेल, तर (बहुतेक मंडळांत ती अशा कुणाच्या तरी संगणकावर असते जे आता मंडळात नसतात) लोगोच्या मागे छोटी फिकी पट्टी द्या. वाईट दिसत नाही. नकाशे, वंशावळी, शब्दकोड्यांचे पारदर्शक पीएनजी यांनाही तेच करा.

एवढ्यावर रंगांचं संपलं. वेलांट्या कापल्या जाण्याचा डार्क मोडशी काही संबंध नाही. नवं रूप आणताना तुम्ही बहुधा तयार थीम घेतली आणि ती रोमन लिपीसाठी बेतलेली होती.

रोमन अक्षराला वर-खाली फार जागा लागत नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार एकावर एक बसतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे मजले. 'मूर्तींची', 'चिठ्ठ्या', 'राष्ट्रांतर्गत' हे शब्द तुमच्या शीर्षकाच्या जागी टाकून बघा. तयार थीमची ओळउंची १.२ असते, शीर्षक दोन ओळींत बसावं म्हणून 'ओव्हरफ्लो: हिडन' असतं, आणि जे बाहेर आलं ते सरळ छाटलं जातं. रफार गेला तर शब्दच बदलतो. मजकुराला १.७ च्या आसपास आणि शीर्षकाला निदान १.४ ओळउंची द्या. जिथे हिडन हवंच आहे तिथे वर-खाली थोडं पॅडिंग द्या, म्हणजे मात्रांना श्वास घ्यायला जागा राहील.

तीच थीम मोठ्या शीर्षकांत अक्षरांतलं अंतर वाढवते. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे दात दिसायला लागतात. 'लेटर-स्पेसिंग' मराठीसाठी शून्य करा.

लेखाचा सारांश दाखवताना अमुक अक्षरांनंतर तोडून तीन टिंबं लावणारा कोडही तपासा. संगणकाचं 'अक्षर' आणि आपलं अक्षर एक नाही. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंचात) चार चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी. मधेच तोडलं की 'विद्यार्' असा लंगडा शब्द उरतो. बाइट मोजून तोडलं तर त्याहून वाईट, कारण यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि मधे कापलं की काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. शब्दाच्या सीमेवर तोडा, सगळे प्रश्न मिटतात.

आता मजकुराची शाई किती पांढरी ठेवायची याबद्दल, कारण 'डार्कमध्ये वाचताना डोळे दुखतात' ही तक्रार पुढच्या महिन्यात येणारच आहे. काळ्यावरची पांढरी वस्तू आहे त्याहून मोठी भासते. हा भास खगोल पाहणाऱ्यांना गॅलिलिओच्या काळापासून ठाऊक आहे. गडद पडद्यासमोर बाहुली विस्फारते आणि ज्यांना दृष्टिवैषम्य आहे, म्हणजे ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे, त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती प्रभा पसरलेली दिसते. रोमन 'ओ' थोडा पसरला तर बिघडत नाही. आपल्याकडे ब आणि व यांच्यात फरक फक्त पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. ष आणि प यांचं तसंच. ध आणि घ यांच्यात शिरोरेषेच्या एका खंडाचा. ती प्रभा त्या पोटात भरली की 'धार' आणि 'घार' ओळखायला संदर्भ लागतो.

म्हणून शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं ठेवू नका. पार्श्वभूमी प्रत्येकी १८ आणि शाई प्रत्येकी २२४ ठेवलीत तर उठाव १४ च्या वर राहतो, तो भरपूर झाला. वजन बदलता येणारा फाँट असेल, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी, तर गडद रूपात वजन ४०० वरून थोडं खाली आणा. किती ते पडद्यावर बघून ठरवा. ठळक वजनाची फाइल खरोखर जोडली आहे ना तेही बघा. नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरांनाच फासून जाड करतो आणि ब-ष-घ यांची पोटं बुजतात. आकार एक पायरी वाढवा. रोमनला १६ पिक्सेल पुरतात तिथे मराठीला मी १८ किंवा १९ देतो, कारण शिरोरेषेखालचं अक्षराचं धड तेवढ्याच आकारात लहान पडतं. पानाच्या मुळाशी भाषा 'एमआर' लिहा. सोय असलेले फाँट मग ल आणि श यांची मराठी वळणं दाखवतात, हिंदीची नाही. ज्येष्ठ वाचकांना नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण 'आता आपलं वाटतंय' म्हणतात.

दुय्यम मजकुरासाठी, म्हणजे तारीख, लेखकाचं नाव वगैरेंसाठी, प्रत्येकी ११९ चा राखाडी सगळीकडे वापरलेला दिसतो. तो पांढऱ्यावर ४.४८ आणि तुमच्या गडदवर ४.२ देतो, दोन्हीकडे थोडक्यात नापास. शिवाय डब्ल्यूसीएजीचं सूत्र गडद जोड्यांच्या बाबतीत जरा उदार आहे, हे या क्षेत्रातले लोक बरीच वर्षं म्हणतायत. गडद रूपात ४.५ ला टेकलेला रंग घेऊ नका, ७ च्या पुढचा घ्या.

मूळ रूप कोणतं ठेवायचं? माझं मत उजळ, आणि त्याला आधार आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांत तपासलं, तेव्हा पांढऱ्यावर काळं वाचताना दोन्ही गटांची कामगिरी सरस ठरली. याला मोठा अपवाद मोतीबिंदूसारख्या कारणाने डोळ्याचं भिंग धूसर झालेल्यांचा. त्यांना पांढऱ्या पानाचा उजेड डोळ्यात पसरून त्रास देतो आणि काळ्यावर पांढरं बरं वाचता येतं. हे गॉर्डन लेगी यांच्या १९८५ च्या कामापासून माहीत आहे. तुमच्या सभासदांचं वय पाहता असे वाचक असणार, आणि डार्क मोड न काढण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण तेच आहे. बॅटरीसाठी मागणाऱ्यांना मात्र खरं सांगा. ओलेड पडद्यावर काळा पिक्सेल बंद असतो म्हणून बचत होते, एलसीडीवर काहीच नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं तेव्हा पूर्ण उजेडावर सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत दिसली, पण घरात आपण ठेवतो तशा ३० ते ५० टक्के उजेडावर फक्त ३ ते ९.

छपाई विसरू नका. ब्राउझर छापताना बहुधा पार्श्वभूमी गाळतो आणि शाईचा रंग ठेवतो. गडद रूपात असताना कुणी पाककृती छापली तर पांढऱ्या कागदावर फिकी राखाडी अक्षरं येतात. गडद रूपाचे सगळे नियम 'मीडिया स्क्रीन'च्या आत ठेवा. एका आजींनी मला असा जवळजवळ कोरा कागद पोस्टाने पाठवला होता, 'हे अनारसे कसे करायचे?' असं मागे लिहून.

तपासताना स्वतःच्या महागड्या फोनवर भरवसा ठेवू नका. घरातला सगळ्यात जुना, एलसीडी पडद्याचा फोन घ्या, उजेड अर्ध्यावर आणा आणि भर दुपारी गॅलरीत उभे राहून एक अख्खा लेख वाचा. सभासदांकडून स्क्रीनशॉट मागाल तर पडद्याचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो येईल आणि त्यात रंगांचा भरवसा नसतो. ब्राउझर कोणता, फोनचा डार्क मोड चालू आहे का, बॅटरी सेव्हर चालू आहे का, एवढे तीन प्रश्न आधी विचारा.

राहिलं 'दऱ्या'. यात डार्क मोड निर्दोष आहे. तो रकार दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं चिन्ह आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं जोडचिन्ह. जुने कीबोर्ड बरेचदा दुसरा प्रकार वापरत. नवी यंत्रणा बसवताना तुमच्याकडे कुठलं तरी स्पॅम रोखणारं किंवा मजकूर 'स्वच्छ' करणारं प्लगइन आलं असेल. त्याला अदृश्य चिन्हं संशयास्पद वाटतात आणि ते ती काढून टाकतं. जोडचिन्ह गेलं की र चा रफार होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. आधी ते प्लगइन शोधून त्याची ही सवय बंद करा, नाहीतर लेख कुणीही पुन्हा जतन केला की तेच घडेल. मग स्थलांतराच्या आधीचा बॅकअप काढा आणि ज्या ज्या लेखांत हे जोडचिन्ह होतं त्यांची यादी करून मूळ मजकूर परत आणा. बॅकअप नसेल तर हाताने वाचण्याशिवाय मार्ग नाही, कारण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत आणि जेवण कुणी केलं होतं ते संगणकाला माहीत नाही. बॅकअप कोणत्या तारखेचा आहे आणि नव्या यंत्रणेत कोणकोणती प्लगइनं चालू आहेत तेवढं कळवा, म्हणजे चाळणी कुठे बसली आहे ते शोधू.